लेखनसीमा
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत अकोटा, बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



‘लेखनातील संक्षेपाचे मूल्य’ हा विषय चिटणीसांनी पत्राने कळविला आणि त्याच पत्रात व्याख्यानासाठी पाऊण तास राखून ठेवल्याचेही कळविले. संक्षेपावर पाऊण तास बोलायचे म्हणजे एकादशीच्या महतीवर पंगतीत बसून बोलण्यासारखे आहे. तरीही मी आमंत्रण स्वीकारले, कारण व्याख्यान अकोट्यात व्हायचे होते. विदर्भातले अकोट नव्हे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. शताब्दी ग्रंथ दूरवर जातात आणि एका कान्याने गाव बदलते. विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावरचे हे अकोटे. दांडिया बाजारातून पूल ओलांडून येथे येताना आपण बडोद्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आलो, असे आपल्याला वाटते. वास्तविक आपण धाकट्या गावातून थोरल्या गावात आलेले असतो.

हे थोरलेपण कागदोपत्री, किंबहुना ताम्रपटोपत्री, सिद्ध आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याचा शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२ चा दानपट उपलब्ध आहे. त्यात वटपद्रक नावाचे एक गाव दान दिले आहे आणि ते गाव ‘अंकोट्टक चौऱ्याऐंशी’ या विभागात मोडते, असे म्हटले आहे. वटपद्रक म्हणजे आपले बडोदे आणि अंकोट्टक म्हणजे हे अकोटे. चौऱ्याऐंशी गावांच्या त्या विभागातले बडोदे एक खेडे होते. त्याच्या चतुःसीमा सांगताना पश्चिमेस अंकोट्टक असल्याचे नमूद आहे. नदी ओलांडून आपण आलो ती हीच दिशा. पुढे काळाने आणि लोकांच्या जिभेने दोन्ही नावे झिजवली. अंकोट्टकाचे अकोटे झाले आणि वटपद्रकाचे बडोदे. जीभ आपण होऊन संक्षेप करते, त्यासाठी तिला व्याख्यान द्यावे लागत नाही.

पण मला सांगायचे आहे ते या ताम्रपटाहून जुन्या आणि त्याहून फार लहान लेखांविषयी. १९५१ साली अकोट्याच्या परिसरात जैन धातुमूर्तींचा मोठा साठा उजेडात आला. साठाहून अधिक मूर्ती त्यात होत्या. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अकोट्याचे नाव भारतीय कलेच्या इतिहासात कायमचे गेले. कमाटीबागेतील संग्रहालयात आपण त्या मूर्ती पाहिल्या असतील. चवरी धारण करणारी ती सुंदर स्त्रीमूर्ती तर पुष्कळांच्या परिचयाची आहे. मूर्तींकडे सगळे पाहतात. मी आपले लक्ष त्यांच्या पीठावर कोरलेल्या अक्षरांकडे वेधू इच्छितो.

त्यांत जीवंतस्वामीची एक मूर्ती आहे. वर्धमान महावीर संन्यास घेण्यापूर्वी राजवाड्यात असतानाच ध्यानस्थ उभे राहत, त्या अवस्थेतील हे रूप. म्हणून अंगावर अलंकार आणि मस्तकी मुकुट. पीठावर एकच वाक्य कोरले आहे. त्याचा आशय इतकाच की, जीवंतस्वामीची ही प्रतिमा चंद्रकुलातील नागीश्वरी श्राविकेचे धर्मदान होय. तेथे तिच्या पित्याचे नाव नाही, पतीचे नाही, राजाचे नाही, किती द्रव्य वेचले तेही नाही. नागीश्वरी कोण होती, तिचे घर कोठे होते, तिला मुलेबाळे होती की नाही, यांपैकी काहीही आपल्याला कळत नाही. तरीही सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी या नदीकाठी नागीश्वरी नावाची एक स्त्री होती आणि तिने आपल्या नावाने, केवळ आपल्याच नावाने, ही मूर्ती घडवून घेतली, हे कळते. त्या काळातल्या या परिसरातील किती स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? एका वाक्याने एक माणूस वाचले आहे.

दुसरा लेख याहूनही लहान. दोन मूर्तींवर जिनभद्र वाचनाचार्य यांचे नाव आणि निवृतिकुल हे त्यांचे कुल एवढेच कोरलेले आहे. ‘विशेषावश्यकभाष्य’ या प्राकृत ग्रंथाचे कर्ते जिनभद्रगणी क्षमाश्रमण ते हेच, असे डॉ. शाह यांनी प्रतिपादिले. हे भाष्य साडेतीन हजारांहून अधिक गाथांचे आहे. ज्या पुरुषाने विवेचनासाठी हजारो गाथा रचल्या, त्याच्या मूर्तींवर चार-दोन शब्दांत काम भागते. ‘वाचनाचार्य’ या बिरुदाचा अर्थ ग्रंथांचे अध्यापन करणारा आचार्य. शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने अकोट्यात यावे आणि येथे वाचनाचार्यांची भेट व्हावी, हा योग मला तरी फार आवडला. विस्ताराची शक्ती असलेल्या माणसाच्या संक्षेपाला वेगळे तेज असते. ज्याच्यापाशी सांगण्यासारखेच थोडे आहे, त्याचे थोडके बोलणे आपण त्याच्याशेजारी ठेवू नये.

आता या लेखांची दुसरी बाजू. बहुतेकांवर वर्ष कोरलेले नाही. परिणामी विद्वानांना अक्षरांच्या वळणांवरून, मूर्तीच्या घडणीवरून आणि वस्त्रांच्या चुण्यांवरून काळ ठरवावा लागला. एक आकडा कोरला असता तर हे श्रम वाचले असते. उलट कर्काचा ताम्रपट पाहा. आरंभी पूर्वजांची काव्यमय स्तुती, त्यांनी पळवून लावलेल्या शत्रूंची वर्णने, शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला लागणाऱ्या पापांचा पाढा. पण त्याच पसाऱ्यात शक आहे, गावाचे नाव आहे, विभाग आहे, चारही दिशांच्या सीमा आहेत. बडोद्याचा इतिहासकार या पाल्हाळिक लेखाचा जन्मभर ऋणी राहतो. मग नागीश्वरीने वर्ष का कोरविले नाही? मला वाटते, त्याची तिला गरजच नव्हती. मूर्ती ज्यांच्यासमोर प्रतिष्ठित व्हायची, त्या सर्वांना ते वर्ष ठाऊक होते. चंद्रकुल म्हणजे काय, हेही त्यांना सांगावे लागत नव्हते. तिचा संक्षेप त्या समुदायाच्या सामाईक जाणतेपणावर उभा होता. समुदाय विखुरला, गाव मातीखाली गेले, आणि जे लिहिणे अनावश्यक होते ते अकस्मात अमूल्य ठरले.

आज मला मुख्यत्वे हेच मांडायचे आहे. थोडक्यात लिहिणे ही लिहिणाऱ्याची एकट्याची करामत नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये एक भरलेले कोठार असते. त्याच्या भरवशावर लिहिणारा शब्द वाचवतो.

आपल्या मराठीतील प्रसिद्ध उदाहरण पानिपतचे. जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत सावकारी पत्रातून पोहोचली, असे सांगितले जाते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदाद नाही, असा तो मजकूर. एवढ्या मोठ्या अनर्थाची बातमी इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी दिली असेल. पण ती पोहोचली, कारण मोती कोण हे वाचणाऱ्याला ठाऊक होते. ते पत्र परक्याच्या हाती पडले असते तर त्याला एखाद्या पेढीला खोट आल्याचे समजले असते, आणि तशी सोय हाच तर सांकेतिक मजकुराचा हेतू.

जुन्या मराठी पत्रव्यवहारात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावरून या व्याख्यानाचे नाव घेतले. पत्राच्या आरंभी मायना लांबलचक. मानपान, नमस्कार, क्षेम यांत बरीच शाई जाई. शेवटी मात्र ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून हात आवरता घेत. मजकूर जेथे संपे तेथे एक लहान मुद्रा उमटवीत, तिला मोर्तब म्हणत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. पेशवाईतील मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ असे आढळते. आज ‘शिक्कामोर्तब’ म्हटले की आपल्याला केवळ मंजुरी आठवते. मूळ मोर्तबाचे काम व्यवहारी होते : येथे मजकूर संपला, याखाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. म्हणजे कोठे थांबायचे हे ठरविणे ही राज्यकर्त्याच्या अधिकाराची खूण होती. आपल्या मजकुराची सीमा आपण आखली नाही, तर ती दुसरा कोणी आखतो आणि मधल्या कोऱ्या जागेत आपल्या नावाने काहीही लिहितो.

शास्त्रकारांनी संक्षेपाचा केवढा ध्यास घेतला होता, ते आपण जाणताच. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, ही उक्ती काशीत राहून ग्रंथरचना करणाऱ्या महाराष्ट्रीय नागेशभट्टांच्या परिभाषाग्रंथात आली आहे. पाणिनीचे अखेरचे सूत्र तर दोन अकारांचे आहे. मात्र त्या सूत्रांना वार्तिके लागली, वार्तिकांना महाभाष्य लागले आणि महाभाष्यालाही टीका लागल्या. वाचवलेल्या मात्रांची भरपाई पुढच्या दोन हजार वर्षांतील विद्यार्थ्यांनी केली, असे एखाद्या कंटाळलेल्या विद्यार्थ्याने म्हटले तर त्याच्यावर रागावू नये. पाठ करण्यासाठी केलेला संक्षेप वेगळा आणि वाचून समजण्यासाठी केलेला वेगळा.

याच्या नेमके उलट, फुगलेला मजकूर पुन्हा मूळ रूपाकडे कसा न्यावा, याचा भारतातील एक थोर प्रयोग याच शहरात झाला. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिची सात कांडे १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. रामायण परंपरेने चोवीस हजार श्लोकांचे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर संपादकांनी ग्राह्य धरलेला पाठ एकोणीस हजारांच्या आत आला. सुमारे पाच हजार श्लोक शतकानुशतके भाविक लेखकूंनी आणि कथेकऱ्यांनी घातलेली भर ठरले. नकला करणारे भर घालतात. वगळण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. पण संपादकांनी ते श्लोक नाहीसे केले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. ज्याला हवे त्याने तेथे पाहावेत. यातील अखेरच्या उत्तरकांडाचे संपादक होते डॉ. उमाकांत शाह. ज्या डोळ्यांनी नागीश्वरीची एक ओळ वाचली, त्याच डोळ्यांनी उत्तरकांडातील भर बाजूला काढली. एकीकडे एक अक्षरही गमवायचे नाही, दुसरीकडे शेकडो श्लोक वगळायचे; दोहोंना लागणारी नजर एकच. बडोद्यात या नजरेची परंपरा आहे, ही गोष्ट मला आपल्या शहरातील राजवाड्यांहूनही अभिमानाची वाटते.

या परंपरेच्या मुळाशी श्रीमंत सयाजीराव महाराज आहेत, हे या सभेत मी सांगायला नको. तरी संक्षेपाच्या दृष्टीने त्यांच्या कार्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. खेडोपाडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. या घटनांचा लेखनाशी संबंध असा की, एक नवा वाचक जन्माला आला. नुकतीच अक्षरओळख झालेला, ओळीखाली बोट धरून वाचणारा, दिवसभर शेतात राबून रात्री कंदिलाशी बसणारा. चार ओळी चालणारे पल्लेदार वाक्य विद्वानाला भूषण वाटते. या वाचकाला ते वाटेतल्या जकातनाक्यासारखे वाटते. क्रियापद येईपर्यंत कर्ता हरवलेला असतो. अशा वाचकासाठी थोडक्यात आणि सरळ लिहिणे हे सौजन्य आहे. फिरत्या पेटीत मोजकीच पुस्तके मावत; ती निवडणारा ग्रंथपालही एका परीने संक्षेपकारच होता.

राज्यकारभाराच्या भाषेचाही त्यांनी असाच विचार केला. १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी पर्याय मांडण्याची त्याची योजना. ज्या कल्पनेला नेमका शब्द नसतो तिला वाक्य लागते, आणि हुकमात जेथे वाक्य लांबते तेथे पळवाट निघते. एक योग्य संज्ञा घडविणे म्हणजे पुढच्या हजार कागदांतील हजार वाक्ये वाचविणे. शिवकालात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, त्याचीच ही पुढची पायरी.

आणि बडोद्यात संक्षेपावर बोलताना चिं. वि. जोशी यांना वगळले, तर मोरूसह चिमणराव माझ्या घरी येऊन जाब विचारतील. पालीचे हे अध्यापक विनोदात जे साधून गेले, ते काय होते? चिमणराव आपली फजिती गंभीरपणे सांगतात आणि लेखक मध्ये येऊन ‘आता हसा’ असे म्हणत नाही. स्पष्टीकरण वगळणे हा त्यांच्या विनोदाचा प्राण आहे. आजच्या विनोदी म्हणविणाऱ्या लेखनातील उद्गारचिन्हे मोजली, तर या गुणाची किंमत कळेल.

आता थोडे आपल्या काळाकडे येतो. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारेची भाषा आखूड. पुढे तर अभिनंदनाची आणि शुभेच्छांची तयार वाक्ये क्रमांकावर मिळत. क्रमांक सांगितला की दूरच्या गावी आशीर्वाद उमटे. सोय मोठी, पण त्या वाक्यात पाठविणारा कोठेच नसे. तेच वाक्य त्याच दिवशी दुसऱ्या शंभर मांडवांत गेलेले असे. नागीश्वरीची ओळ याहून फार लांब नाही, पण ती दुसऱ्या कोणाच्याही नावावर खपणार नाही. आज भ्रमणध्वनीवरून येणारे सकाळचे संदेश मला त्या क्रमांकांची आठवण देतात. ते आखूड असतात. त्यांना संक्षेप म्हणवत नाही.

येथे मला जरा काळजीचे बोलू द्या. संक्षेप आणि संकोच हे दोन वेगळे शब्द आहेत. बडोद्यातील मराठी घरांत आज काय दिसते? आजी मराठीत विचारते, नात गुजरातीत किंवा इंग्रजीत उत्तर देते आणि मराठी तिच्याकडे उरते ती जेवण-खाण, सण आणि रागावणे एवढ्यापुरती. तिचे मराठी वाक्य आखूड होते, पण ते शब्द निवडून आखूड झालेले नसते, शब्द उरले नाहीत म्हणून झालेले असते. दहा शब्द हाताशी असून दोन वापरणारा संक्षेप करतो. दोनच शब्द उरलेल्याला आपण संक्षेपाचा उपदेश करू लागलो, तर ती क्रूर थट्टा होईल. मघाशी ज्या कोठाराचा उल्लेख केला, ते असे रिते होत असते. आजी एखादी म्हण अर्धी सोडते, कारण उरलेली अर्धी समोरच्याने मनात पुरी करावी. नातीला ती अर्धी म्हणजे मोडलेले वाक्य वाटते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी ती म्हण कोठून ऐकावी? शहरातील मराठी ग्रंथालयाचे काम, माझ्या मते, मुख्यतः हे कोठार राखण्याचे आहे. नातीसाठी आजच्या लेखकाने आज थोडे अधिक लिहावे, एखादा संदर्भ उलगडून सांगावा. तेवढा विस्तार क्षम्य आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने एक व्यवहारी सूचना करतो आणि थांबतो. आपल्या ग्रंथालयात भेटीदाखल आलेली पुष्कळ जुनी पुस्तके आहेत. पहिले पान उघडले तर ‘सप्रेम भेट’ आणि एक न लागणारी सही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तेव्हा सारे ठाऊक होते, म्हणून अधिक लिहिले गेले नाही. ते ठाऊक असलेली माणसे आज आपल्यात थोडी आहेत. काही या सभेत पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांच्या हयातीत प्रत्येक पुस्तकासाठी एक कार्ड लिहून घ्यावे. ग्रंथसूचीचे नेहमीचे कार्ड, साडेसात सेंटिमीटर उंच आणि साडेबारा रुंद, त्याहून मोठे नको. त्यावर पाच ओळी : पुस्तक कोणाचे, ते घर बडोद्यात कोणत्या भागात होते, कुटुंब मूळ कोठून आले, पुस्तक घरात कोण वाचीत असे, आणि कोणत्या वर्षी दिले. स्त्रियांची नावे ‘सौ. अमुक’ अशी पतीच्या नावाआड न झाकता त्यांची स्वतःची लिहावीत. स्तुती, गौरव, कृतज्ञता यांना कार्डावर जागा नाही. त्यासाठी हा शताब्दी ग्रंथ आहेच.

महाविद्यालयातील मुलामुलींकडे हे काम द्यावे. एकेका ज्येष्ठ सभासदाकडे एकेक जोडी पाठवावी. मराठी लिहिताना ती अडखळतील. अडखळू द्यावे, पाचच ओळी आहेत. मुलांनी आजी-आजोबांना विचारावे आणि त्यांच्यासमोरच लिहावे, म्हणजे चुकलेले नाव तेथल्या तेथे दुरुस्त होईल. मी स्वतः एक कार्ड करून आणले आहे. आमच्या घरातून येथे आलेल्या एका पुस्तकाचे आहे. चार ओळी भरल्या. ते पुस्तक घरात कोण वाचीत असे, ती ओळ अजून कोरी आहे. वडीलबहिणीला विचारून येत्या आठवड्यात ती पुरी करतो. कार्ड ग्रंथपालांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.